रॉय ऑर्बिसन : पन्नाशीतील पुनरागमन

रॉक हे तारुण्याचे संगीत मानले जाते. रॉय ऑर्बिसन यांना मात्र त्याने पन्नाशीनंतर पुन्हा जवळ केले. टेक्सासमधील व्हर्नन येथे १९३६ मध्ये जन्मलेल्या ऑर्बिसन यांनी १९६४ मध्ये ‘ओह, प्रिटी वुमन’ने लोकप्रियतेचे शिखर गाठले. १९६६ मध्ये पत्नी क्लॉडेट मोटारसायकल अपघातात निवर्तली. १९६८ मध्ये घराला लागलेल्या आगीत दोन मुलगे मृत्युमुखी पडले. लोकप्रियता ओसरली, १९७८ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झाली. पण गाणे सुटले नाही. १९८८ मध्ये बॉब डिलन, जॉर्ज हॅरिसन यांच्यासमवेतचा ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’चा अल्बम गाजला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, ५२व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९८९ मध्ये आलेल्या ‘मिस्ट्री गर्ल’चे यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.