कर्नल सी. के. नायडू : हंगामाचा मानकरी

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या पुरस्कार सोहळ्यात दरवेळी दोन पिढ्या एका व्यासपीठावर येतात. आयुष्य क्रिकेटला वाहिलेल्या ज्येष्ठाला जीवनगौरव दिला जातो, तर सरलेल्या हंगामात तेवीस वर्षांखालील स्पर्धेत सर्वाधिक धावा व बळी मिळविणाऱ्या, महाविद्यालयीन वयाच्या खेळाडूंचाही सत्कार होतो. जीवनगौरव आणि ती स्पर्धा, दोन्हींना नाव एकाच माणसाचे आहे. तो माणूस नागपूरचा होता, याची आठवण मात्र आज विदर्भातही फारशी काढली जात नाही.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरातील एका तेलुगू कुटुंबात झाला. वडील कायद्याचे पदवीधर, घर सुशिक्षित. नायडूंचे शिक्षण नागपुरात झाले आणि हिस्लॉप महाविद्यालयाच्या परंपरेत त्यांचे नाव आजही अभिमानाने घेतले जाते. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. उंच, सडपातळ बांध्याचा हा तरुण चेंडू हवेतून मारण्यास कचरत नसे. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकरांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावून सैन्यात हुद्दा दिला. पुढे ‘कर्नल’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

१ डिसेंबर १९२६ हा दिवस त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरला. मुंबई जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा फटकावल्या, त्यात ११ षटकार होते. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय संघ कसोटी खेळण्यास पात्र आहे, हा विश्वास या खेळीने दृढ केला.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे आणि उपकर्णधारपद लिंबडीच्या घनश्यामसिंहजींकडे होते. संघाचा प्रमुख राजघराण्यातलाच असावा, असा तो काळ होता. परंतु महाराज बाजूला झाले, घनश्यामसिंहजी दुखापतग्रस्त झाले आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नायडू नाणेफेकीला उतरले. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत होऊनही पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. भारत १५८ धावांनी हरला. दौऱ्याअखेरीस मात्र त्यांच्या नावावर प्रथम श्रेणी सामन्यांत १६१८ धावा आणि ६५ बळी जमा होते. ‘विस्डेन’ने १९३३ च्या अंकात वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. रणजी, दुलीप आणि पतौडी यांना हा मान इंग्लिश क्रिकेटमधील कामगिरीबद्दल मिळाला होता. भारतीय संघातून खेळून तो मिळविणारे नायडू पहिलेच.

गुणवत्तेचा असा गौरव झाला, तरी सत्तेने त्याची फारशी कदर केली नाही. १९३३-३४ मध्ये मायदेशी त्यांनी तीन कसोटींत नेतृत्व केले. परंतु १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. महाराजकुमारांनी तीन कसोटींतील सहा डावांत ३३ धावा केल्या. लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या कारणावरून दौऱ्यातूनच परत पाठविण्यात आले. नायडू मात्र खेळत राहिले. ओव्हलवरच्या आपल्या अखेरच्या कसोटीत त्यांनी ८१ धावांची झुंजार खेळी केली. सात कसोटी आणि ३५० धावा एवढीच त्यांची कसोटी कारकीर्द.

पण नायडू तेवढ्यावर थांबणारे नव्हते. होळकर संघाला त्यांनी चार वेळा रणजी करंडक जिंकून दिला. पन्नाशी ओलांडल्यावर द्विशतक झळकावले आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते. दुखापतीचे निमित्त सांगून बाहेर बसणे त्यांना खपत नसे. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले.

१९९४ मध्ये मंडळाने त्यांच्या नावाचा जीवनगौरव सुरू केला, तेव्हा पहिले मानकरी ठरले लाला अमरनाथ. १९३६ च्या दौऱ्यावरून माघारी धाडलेल्या खेळाडूचा सन्मान त्याच्या जुन्या कर्णधाराच्या नावाने झाला, ही एका जुन्या अन्यायाची उशिराने झालेली भरपाईच म्हणावी लागेल.

२०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने प्रथमच रणजी करंडक जिंकला. आज यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणच्या सीमेजवळच्या मुकुटबनमधील एखाद्या मुलाने विदर्भाच्या संघाचे स्वप्न पाहिले, तर त्याची वाट नायडूंच्या नावाच्या करंडकातूनच जाते. ज्यांना स्वतःला कर्णधारपदासाठी राजेरजवाड्यांच्या मागे उभे राहावे लागले, त्यांच्या नावाच्या स्पर्धेत हंगामाचा मान आता फक्त धावा आणि बळी मोजून दिला जातो. कर्नलांचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते असणार?