सावित्रीबाईंचे उघडे दार



सावित्रीबाई फुले म्हटले की १८४८ साली पुण्यात सुरू झालेली मुलींची शाळा आठवते. अंगावर शेण झेलत शिकवायला जाणारी शिक्षिका आठवते. त्यांचे आणखी एक काम मात्र आपल्या घरांच्या अधिक जवळचे आहे, आणि त्याविषयी आपण क्वचितच बोलतो.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे त्यांचा जन्म झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या काळी मुलींची लग्ने अशी लहानपणीच होत. ब्राह्मण समाजात विधवेला पुनर्विवाह नव्हता. कित्येक मुली वयात येण्याआधीच विधवा होत. पुढे एखाद्या पुरुषाने फसवले आणि दिवस गेले, तर तो नामानिराळा राही. बदनामी तिच्या एकटीच्या पदरी येई.

पुण्यात जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाक करीत असे. शेजारच्या शास्त्रीबुवाने तिला फसवले. गर्भ पाडण्यासाठी तिने औषधे घेतली, तरीही मूल जन्मले. लोकलज्जेपायी तिने त्याला मारून विहिरीत टाकले. कोर्टाने तिला जन्मभर काळ्या पाण्यावर पाठवले. शास्त्रीबुवाने तिला फसवले ते फसवले, पण समाजाने तरी तिच्यासाठी कोणती वाट ठेवली होती?

१८६३ साली फुले दांपत्याने स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. भिंतींवर जाहिराती लावल्या. विधवेने यावे, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल न्यायचे की ठेवायचे ते तिनेच ठरवावे, असा त्यांचा आशय होता. येणाऱ्या मुलींचे सारे सावित्रीबाई बघत.

१८८४ साली जोतीरावांनी नोंदवले की, तोवर ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या, पण मुले जगली अवघी पाच. गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीच्यांचा घात केला होता. दार उघडे होते, पण मुली भीतीपोटी उशिरा पोहोचत होत्या.

तेथे जन्मलेला यशवंत फुल्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. १८९० साली जोतीराव वारले, तेव्हा भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्काला हरकत घेतली. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंनाही लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

चूक कोणाची, हा प्रश्न खोटा नाही. पण सावित्रीबाईंनी त्याला पहिला मान दिला नाही. आधी आई आणि बाळ सुखरूप, मग बाकीचे.

आज एखाद्या घरात शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलीला दिवस गेले, तर आईवडिलांनीही हाच क्रम पाळावा. तिला मारू नका, कोंडू नका, घरगुती औषधे देऊ नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. ती अठरा वर्षांच्या आतली असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तिला संरक्षण आहे. १०९८ वर मदत मिळते. बाळ सांभाळणे अशक्य असेल तर बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येते, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात.

आणि शेजाऱ्यांनो, आपण त्या घराविषयी कुजबुज करू नये. पस्तिसांपैकी तीस बाळे गेली ती याच कुजबुजीच्या भीतीने.