निर्वासिताची गिटार

सतारीची तार छेडण्यासाठी वादक तर्जनीत जी तारेची नखी घालतो तिला मिजराब म्हणतात, हे महाराष्ट्रातील संगीतप्रेमी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु हाच शब्द १९७३ साली अमेरिकेत निघालेल्या एका जॅझ ध्वनिमुद्रिकेचे नाव म्हणून झळकला होता आणि ती ध्वनिमुद्रिका बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या एका गिटारवादकाची होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसेल. गाबोर साबो हे त्या कलावंताचे नाव. परक्या संगीताकडून काय घ्यावे, किती घ्यावे आणि घेतलेले आपले केव्हा होते, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. त्या वादात भाग न घेताही त्याचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले, अशा मोजक्या कलावंतांत साबो यांची गणना करावी लागेल.

साबो यांचा जन्म ८ मार्च १९३६ रोजी झाला. त्यांच्या बालपणी बुडापेस्ट शहर महायुद्धात होरपळून निघाले आणि युद्ध संपल्यावर देशावर सोव्हिएत रशियाच्या छत्राखालील राजवट आली. राकोशी यांच्या त्या राजवटीत जॅझ म्हणजे भांडवलशाही समाजाची विकृती असे मानले जाई. अशा वातावरणात चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती नाताळची भेट म्हणून एक गिटार आली. धडे देणारा गुरू असा नव्हताच. परदेशी आकाशवाणीच्या लहरींवरून, विशेषतः ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून, जे कानी पडेल ते टिपायचे आणि बोटांनी शोधत बसायचे, हीच त्याची शाळा. सरकारने दारे-खिडक्या बंद केल्या तरी ध्वनिलहरींना पारपत्र लागत नाही, हे सत्य त्या मुलाने अगदी कोवळ्या वयात अनुभवले.

ऑक्टोबर १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला आणि नोव्हेंबरच्या आरंभी रशियन रणगाड्यांनी तो चिरडला. सुमारे दोन लाख माणसे देश सोडून गेली. कारागीर, विद्यार्थी, वैज्ञानिक, खेळाडू आणि वादक अशा सर्वांचा त्यात समावेश होता. वीस वर्षांचे साबोही त्याच वर्षी देशाबाहेर पडून अमेरिकेत आले व कॅलिफोर्नियात राहू लागले. पुढे बोस्टनच्या बर्कली संगीतशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. १९५८ च्या न्यूपोर्ट महोत्सवासाठी निरनिराळ्या देशांतील तरुण वादकांचा जो वाद्यवृंद उभारण्यात आला होता, त्यात हंगेरीचे प्रतिनिधी म्हणून साबो बसले होते. ज्या देशाच्या सत्ताधाऱ्यांना जॅझ नको होते, त्या देशाचे नाव जॅझच्या व्यासपीठावर एका निर्वासिताने पोहोचविले, हा इतिहासाचा विनोदच म्हटला पाहिजे. त्याहून मोठा विनोद असा की, १९६५ साली बुडापेस्टच्याच बार्टोक संगीत विद्यालयात जॅझच्या शिक्षणाचा रीतसर विभाग सुरू झाला. तोवर पाखरे उडून गेली होती.

१९६१ साली ड्रमवादक चिको हॅमिल्टन यांच्या पंचकात साबो दाखल झाले आणि तेथेच त्यांची ओळख घडली. त्या चमूत सॅक्सोफोनवर चार्ल्स लॉइड होते. गिटार हे जॅझमध्ये आरंभी केवळ ताल धरणारे वाद्य होते. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात १९३९ पासून चार्ली ख्रिश्चन यांनी विजेच्या गिटारवर सॅक्सोफोनसारखी सलग स्वरपंक्ती वाजवून तिला एकल वादनाचा मान मिळवून दिला आणि पुढील गिटारवादक बहुतांशी त्याच वाटेने गेले. साबो यांनी वेगळी पायवाट धरली. साध्या, पोकळ पेटीच्या गिटारला ते ध्वनिग्राहक जोडीत. खालची एखादी मोकळी तार सतत गुंजत ठेवून वरच्या तारांवर ते चाल खेळवीत, तार खेचून स्वर वाकवीत, आणि एरवी वादक ज्याला दोष मानून टाळतात तो ध्वनिवर्धकाचा प्रतिनादही ते सुराच्या कामी लावीत. सुरांच्या संगतींची भराभर बदलणारी मालिका हा जॅझचा कणा. साबो मात्र एकाच आधारस्वरावर दीर्घकाळ रेंगाळत. ज्यांचे कान तानपुऱ्यावर आणि चिकारीच्या झणकारावर पोसले आहेत, त्यांना त्या वादनात काहीतरी ओळखीचे भेटल्यावाचून राहत नाही.

हे ओळखीचे कोठून आले? सतारीच्या अनुकरणातून आले, असे सोपे उत्तर देण्याचा मोह होतो. ते अपुरे आहे. हंगेरीच्या खेड्यांतील चितेरा या वाद्यात चालीच्या तारांबरोबर केवळ गुंजत राहणाऱ्या तारा असतात आणि तेथील दुडा नावाच्या मशकबीनीतही एक नळी अखंड एकच स्वर धरून राहते. या ग्रामीण संगीताचे मोल जगाला पटवून दिले ते बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय या दोघांनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ध्वनिलेखनाचे यंत्र बरोबर घेऊन ते खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांच्या मुखातील गाणी त्यांनी टिपून घेतली. त्याच बार्टोक यांनी १९३८ साली व्हायोलिनवादक योझेफ सिगेती यांच्या सूचनेवरून जॅझचे सम्राट बेनी गुडमन यांच्यासाठी ‘कॉन्ट्रास्ट्स’ ही रचना केली. म्हणजे हंगेरी आणि जॅझ यांचे नाते साबो यांच्यापूर्वीच जुळले होते. गिटारवादक आत्तिला झोलर हेही साबो यांच्या आधी, १९४८ साली, देश सोडून निघाले होते व पुढे अमेरिकेतच नावारूपाला आले. साबो हे या परंपरेतील सर्वांत स्वतंत्र बुद्धीचे वादक होत. अमेरिकन कंपन्यांनी मात्र त्यांच्या संगीतावर ‘जिप्सी’ अशी चिठ्ठी चिकटवून टाकली, कारण हंगेरी म्हटले की ग्राहकाला तेवढेच ठाऊक होते.

दुसरी चिठ्ठी भारताची होती. १९६६ च्या सुमारास पंडित रविशंकर यांच्या सतारीने पाश्चात्त्य तरुणांना वेड लावले होते. त्या लाटेत साबो यांनी स्वतः सतार हाती घेतली आणि ‘जॅझ रागा’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली बाजारात आली. त्यातील रचनांची नावे पाहा : कृष्ण, रवी, निर्वाणाचा शोध. त्याच ध्वनिमुद्रिकेत रोलिंग स्टोन्सचे गाजलेले गीतही होते. स्पष्टच बोलायचे तर या ध्वनिमुद्रिकेत राग नाही. तालमीवाचून सतार वश होत नाही आणि स्वरांच्या आरोह-अवरोहाचे, वादी-संवादीचे बंधन मानल्यावाचून राग उभा राहत नाही. नावे देवादिकांची असली तरी माल हंगामी होता. आपल्या संगीताचा गौरव झाला म्हणून हुरळून जाण्याचेही कारण नव्हते आणि विटंबना झाली म्हणून संतापण्याचेही नव्हते.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. त्या ध्वनिमुद्रिकेत ‘मिजराब’ नावाची एक रचना होती. एप्रिल १९६७ मध्ये बोस्टनच्या एका जॅझगृहात साबो यांच्या चमूचे जे प्रत्यक्ष वादन ध्वनिमुद्रित झाले, त्यात हीच रचना त्यांनी सतार बाजूला ठेवून गिटारवर वाजविली. सोबतीला जिमी स्ट्युअर्ट यांची दुसरी गिटार आणि बासवर लुई काबोक, हेही मूळचे हंगेरीचेच. ‘द सॉर्सरर’ या नावाने निघालेली ती ध्वनिमुद्रिका साबो यांच्या श्रेष्ठ कामगिरीत गणली जाते, आणि ते योग्यच आहे. उसने वाद्य खाली ठेवताच उसना विचार स्वतःचा झाला. सतारीची गुंज त्यांच्या कानात आधीपासून असलेल्या गावाकडच्या गुंजेला जाऊन मिळाली. हंगेरियन भाषेत साबो म्हणजे शिंपी. दोन कापडे नुसती एकावर एक ठेवल्याने वस्त्र होत नाही, ते अंगाच्या मापाने बेतावे लागते, हे या शिंप्याला उशिरा का होईना उमगले होते.

कीर्तीने मात्र त्यांना चकविले. ‘स्पेलबाइंडर’ या १९६६ च्या ध्वनिमुद्रिकेतील त्यांची ‘जिप्सी क्वीन’ ही रचना कार्लोस सांताना यांनी १९७० साली आपल्या ‘ॲब्रॅक्सस’मध्ये दुसऱ्या एका गीताला जोडून घेतली आणि ती कोट्यवधी कानांपर्यंत पोहोचली. बॉबी वोमॅक यांची ‘ब्रीझिन’ ही चाल साबो यांनी १९७१ मध्ये प्रथम लोकांपुढे आणली. ती १९७६ साली जॉर्ज बेन्सन यांनी वाजविली तेव्हा विक्रीचे उच्चांक झाले. १९६८ साली गॅरी मॅकफार्लंड आणि कॅल जेडर या मित्रांसह काढलेली ध्वनिमुद्रिकांची कंपनी अल्पावधीत बुडाली. हेरॉइनच्या व्यसनाने देह पोखरला. बाजाराच्या आग्रहाखातर केलेल्या नंतरच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांत पूर्वीची गूढ गुंज आढळत नाही. याचा दोष केवळ कंपन्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

१९७४ साली साबो मायदेशी गेले, तेव्हा ज्या राजवटीच्या काळात त्यांना घर सोडावे लागले तिच्याच दूरचित्रवाणीवर त्यांचे वादन झाले. अखेरच्या भेटीत ते बुडापेस्टमध्येच रुग्णालयात दाखल झाले आणि यकृत व मूत्रपिंडाच्या विकाराने २६ फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. शेहेचाळीसावा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता. बार्टोक यांनी १९४० मध्ये देश सोडला, १९४५ मध्ये न्यूयॉर्कला प्राण सोडला आणि त्यांच्या अस्थी १९८८ साली मायभूमीला परत नेण्यात आल्या. साबो यांना निदान मरण तरी घरी लाभले.

राष्ट्रे आपल्या कलावंतांना हाकलून देतात आणि पुढे त्यांच्या नावाने विद्यालये उघडतात. असे घडविणारे हंगेरीचे तत्कालीन राज्यकर्ते काही एकटे नव्हेत. परंतु देश सोडताना माणूस बरोबर काय नेतो, याची झडती कोणत्याही सीमेवर घेता येत नाही. साबो यांनी एक गुंजणारी तार बरोबर नेली. तिने जॅझच्या गिटारला थांबायला शिकविले, आणि दूरच्या एका देशाची नखी तिला लागली तेव्हा तिने ओळख दिली. संकराच्या नावाने नाके मुरडणाऱ्यांनी आणि संकराचा बाजार मांडणाऱ्यांनीही ‘मिजराब’ एकदा शांतपणे ऐकावी. कोणती नक्कल आणि कोणते नाते, हा भेद वादविवादाने समजत नसला तरी कानाला समजतो.