एक्स्प्लेनर : हेमिंग्वेंना ‘म्हातारा कोळी’ कुठे भेटला?

हिंगोलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादातून क्युबाचा म्हातारा कोळी इथल्या वाचकांपर्यंत पोहोचला. तो आला कुठून?

मूळ लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे (१८९९-१९६१) हौशी मासेमार होते. १९३२ मध्ये ते फ्लोरिडातून मार्लिन मासे पकडायला क्युबाला गेले. काही दिवसांची सफर सुमारे दोन महिने लांबली.

पुढे त्यांच्या ‘पिलार’ बोटीवर क्युबाचे कोळी कार्लोस गुतिएरेस सोबतीला आले. एका म्हाताऱ्याच्या गळाला लागलेला अवाढव्य मार्लिन शार्कनी फस्त केल्याची हकिकत त्यांनीच सांगितली. हेमिंग्वेंनी ती १९३६ मध्ये लेखात आणि १९५२ मध्ये कादंबरीत मांडली. १९५४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मासा गेला तर हौशी माणसाची मजा जाते, कोळ्याची कमाई बुडते. कादंबरी उभी आहे ती या कोळ्याच्या बाजूने.