बाबा आमटे : निवारा आणि स्वावलंबन

तुमच्यापैकी जे नंदुरबार जिल्ह्यातील आहेत, त्यांना शहाद्याहून खेतियामार्गे बडवानीकडे जाणारा रस्ता परिचित असेल. बडवानीजवळ नर्मदेच्या काठी कसरावद हे गाव आहे. पंचाहत्तरी ओलांडलेले बाबा आमटे १९९० साली आनंदवन सोडून तेथे राहावयास गेले. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. दिवस उभ्याने किंवा आडवे पडूनच काढावा लागे. अशा माणसाने बुडिताच्या छायेतील काठावर बिऱ्हाड हलवावे, याचा अर्थ लावायचा तर त्यांचे चरित्र घराच्या अंगाने वाचावे लागते. प्रस्तुत घटकात आपण तसे वाचणार आहोत.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे, जमीनदार घराण्यात झाला. त्यांनी वरोड्यास वकिली केली. १९४६ मध्ये साधनाताईंशी विवाह झाला. तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाची झडलेली काया पाहून ते प्रथम भ्याले आणि त्या भयाचीच त्यांना लाज वाटली. कुष्ठरोगाचे शिक्षण त्यांनी १९४९ मध्ये कलकत्त्यास घेतले. हा भाग सर्वत्र सांगितला जातो, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

त्या काळी कुष्ठरुग्णाला घर नव्हते, हे मात्र नीट ध्यानात घ्या. १८९८ च्या कायद्याने निर्धन रुग्णास पकडून कोंडून ठेवण्याची मुभा दिली होती, आणि तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. ज्यांना कायद्याने कोंडले नाही, त्यांना कुटुंबाने वेशीबाहेर काढले. तेव्हा १९५१ मध्ये वरोड्याजवळच्या ५० एकर खडकाळ जमिनीवर साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये घेऊन बाबा उतरले, ते केवळ दवाखाना काढण्यासाठी नव्हते. गवताने शाकारलेल्या झोपड्या उभ्या राहिल्या, विहीर खणली गेली. खणणारे हात रुग्णांचेच होते.

येथे थोडे थांबू. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते. तापलेले भांडे पोळते, पण कळत नाही. पायाला खडा रुततो आणि जखम चिघळते. बोटे झडलेल्या हाताला कडी, रहाट, कुदळीचा दांडा ही साधी साधनेही परकी होतात. रुग्ण बरा झाला तरी हे अपंगत्व उरते. अशा माणसासाठी दुसऱ्याने घर बांधून देणे सोपे आहे. आनंदवनाने अवघड मार्ग पत्करला : इमारती रहिवाशांनीच उभारल्या. स्वयंपाकघर सामुदायिक ठेवले. बऱ्या झालेल्या स्त्रीपुरुषांचे विवाह होऊन त्यांचे संसार थाटले गेले. अपंगांच्या व्यवसायशिक्षणासाठी ‘संधिनिकेतन’ निघाले, वृद्धांसाठी ‘उत्तरायण’. टाकाऊ टायर वापरून बंधारे बांधण्यासारखे प्रयोग पुढे डॉ. विकास आमटे यांनी केले. ‘शाश्वत’ हा शब्द रुळण्यापूर्वी तेथे काटकसर होती, कारण पैसाच नव्हता.

तरीही एक आक्षेप तुम्ही घ्यायला हवा. गावाबाहेरची वेगळी वसाहत म्हणजे सुधारलेला बहिष्कारच नव्हे काय? आक्षेप खरा आहे. आरंभी आनंदवनातील भाजी विकत घ्यायला वरोड्याचे लोक धजत नसत. पन्नाशीच्या दशकात परदेशी स्वयंसेवक तेथे राहून रुग्णांसमवेत बांधकाम करू लागले, तेव्हा भीती कमी झाली. १९६४ मध्ये महाविद्यालय निघाले आणि गावातली मुले शिकण्यासाठी वसाहतीत येऊ लागली. बहिष्कृतांना गावात नेता आले नाही, म्हणून बाबांनी गावाला त्यांच्या दारी आणले. माझ्या मते हा पूर्ण विजय नव्हे, पण त्या परिस्थितीत याहून मोठे काही साधणे कठीण होते.

आता कसरावदकडे वळू. सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील. सातपुड्यातील भिल्ल-पावऱ्यांची वस्ती विरळ असते. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात. दृष्टी गेलेला म्हाताराही तेथे नाल्यापर्यंतची पायवाट पावलांनी ओळखतो. ओळीने आखलेल्या पुनर्वसनाच्या भूखंडावर त्याच माणसाला उंबऱ्याबाहेर पडण्यास हात धरावा लागतो. घराची किंमत मोजताना भिंती आणि कौले मोजली जातात, ही पायवाट कोणत्या रकान्यात मांडणार?

बाबांनी नदीकाठच्या आपल्या निवासाला ‘निजबल’ असे नाव दिले. आदिवासींना मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनी १९९१ मध्ये पद्मविभूषण परत केले. सुमारे दशकभर ते तेथे राहिले आणि प्रकृती ढासळल्यावर आनंदवनात परतले. तेथेच ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन केले नाही. कधीकाळी खडकाळ असलेल्या त्याच जमिनीत दफन करण्यात आले.