ॲलन ट्युरिंग : कम्प्युटरला काय जमणार नाही, हे कम्प्युटर येण्याआधीच सांगणारा माणूस

ओटीपीत बरोबर सहा आकडे आहेत का, हे तपासणं मशीनसाठी सोपं. एखाद्या गणितात उघडलेला प्रत्येक कंस बंद झालाय का, हे तपासणं जरा अवघड. पण जगातल्या कुठल्याच मशीनला तपासता येणार नाही, असंही काही असतं का?

असतं. हे दाखवलं ॲलन ट्युरिंगने, १९३६ मध्ये.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आईवडील भारतात आणि दोन्ही मुलं इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी, असं बरंचसं बालपण गेलं.

केंब्रिजला असताना त्याच्यासमोर जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांचा प्रश्न आला. कुठलंही गणिती विधान सिद्ध होतं की नाही, हे ठरवणारी एकच पक्की पद्धत असू शकते का? ट्युरिंगने कागदावरच एक मशीन कल्पिलं. न संपणारी पट्टी, त्यावर एका वेळी एकच चिन्ह वाचायचं, लिहायचं, पुढेमागे सरकायचं. एवढ्यावर त्याने सिद्ध केलं, की अशी पद्धत असूच शकत नाही. अमेरिकेत अलोन्झो चर्च वेगळ्या वाटेने याच उत्तरापर्यंत आधी पोहोचले होते.

पुढे महायुद्धात ट्युरिंगने ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे एनिग्मा संदेश फोडायला मदत केली. पण १९५२ मध्ये समलैंगिक संबंधांवरून त्याच्यावर खटला चालला. तुरुंग टाळण्यासाठी त्याला हार्मोनचे उपचार घ्यावे लागले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या ठरली. वय होतं ४१.

दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी नियमांतून तयार होणाऱ्या भाषांची वर्गवारी मांडायला सुरुवात केली. इथे भाषा म्हणजे नियमात बसणाऱ्या चिन्हांच्या ओळी. हे वर्ग डब्यात डबा बसावा तसे आहेत. सगळ्यात आत ओटीपीसारखे साधे नमुने, त्यांना मोजकीच मेमरी पुरते. त्याबाहेर कंसांच्या जोड्या, कारण किती कंस उघडे आहेत ते लक्षात ठेवावं लागतं. त्याबाहेर आधी अ, मग ब, मग क, आणि तिन्ही सारख्याच संख्येने, अशा ओळी. आणि सगळ्यात मोठा डबा? ट्युरिंगचं मशीन ओळखू शकेल ते सगळं.

त्या डब्याच्याही बाहेर भाषा उरतातच. उदाहरणार्थ, कधीच न थांबणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी. ती कुठलाच कम्प्युटर पूर्ण करू शकत नाही, आजचाही नाही.

ट्युरिंगला ब्रिटनने शाही माफी दिली २०१३ मध्ये. तोवर त्याच्या मृत्यूला ५९ वर्षं झाली होती.