ज्या बाईला चालता येत नव्हतं, तिच्या कारखान्यातनं टेडी बेअर जगभर गेला

महाडवरून गोवा हायवेला लागलं की सिंधुदुर्गात सावंतवाडी येते. तिथल्या चितार आळीतली लाकडी फळं आणि भातुकली कोकणात घरोघरी दिसते. जर्मनीत असंच खेळण्यांसाठी ओळखलं जाणारं एक छोटं शहर आहे, गिंगेन. त्याचं नाव झालं मार्गारेट श्टाइफ या बाईमुळे.

मार्गारेटचा जन्म 24 जुलै 1847 चा. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजवा हातही कमजोर झाला. उपचार केले, पण फरक पडला नाही. शाळेत जायचं तर भावंडं आणि शेजारची पोरं तिला हातगाडीत बसवून न्यायची.

अशा मुलीचं पुढे कसं होणार, ही घरच्यांची काळजी. तिने मात्र शिवण शिकून घेतलं. मशीनचं चाक उजव्या हाताला आणि तो हात तर साथ देत नाही. मग तिने मशीनच उलटं फिरवून ठेवलं आणि डाव्या हाताने चाक फिरवायला लागली.

1877 मध्ये तिने फेल्ट कापडाच्या कपड्यांचं दुकान टाकलं. 1880 मध्ये एका मासिकातला नमुना बघून टाचण्या टोचायला छोटे हत्ती शिवले. झालं असं की पोरं त्याच हत्तींशी खेळायला लागली. 1886 पर्यंत हत्तींची विक्री 5 हजारांच्या पुढे गेली.

पुढे भाचा रिचर्ड धंद्यात आला. त्याने 1902 मध्ये हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. 1903 च्या लाइपझिगच्या जत्रेत त्याच्याकडे कोणी फारसं बघेना. शेवटी एका अमेरिकन व्यापाऱ्याने थेट 3 हजार नगांची ऑर्डर दिली. तिकडे राष्ट्राध्यक्ष थिओडोर म्हणजेच टेडी रूझवेल्ट यांच्या अस्वलाच्या शिकारीचा किस्सा गाजत होता. त्यावरून अस्वलाला नाव पडलं, टेडी बेअर.

खप वाढला तशा नकलाही आल्या. म्हणून 1904 पासून प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं बटण लावायला सुरुवात झाली. ती ओळख आजही कायम आहे.

1907 या एका वर्षात कंपनीने 9 लाख 74 हजार अस्वलं बनवली. कारखान्यात सुमारे 400 जण होते आणि घरबसल्या शिवणारे 1800. एकेकाळी जिच्या पोटापाण्याची चिंता होती, तिच्यावर आता शेकडो घरांच्या चुली पेटत होत्या.

9 मे 1909 रोजी न्यूमोनियाने मार्गारेट गेली. तेव्हा ती 61 वर्षांची होती. कंपनी आजही गिंगेनमध्येच आहे.